धावपट्टीच्या टोकाला मामींचं पान

माझ्या नवऱ्याच्या मामांना गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ते काम आजवर फक्त विमानांना जमलं. मामा वेंगुर्ल्याचे, मुंबईमार्गे ऐन तारुण्यात अमेरिकेत आलेले आणि आयुष्यभर पुलांची डिझाइनं करून निवृत्त झालेले. मिनियापोलिसच्या एका उपनगरात, आमच्या ईडन प्रेरीपासून वीसेक मिनिटांवर, त्यांनी घर घेतलं ते विमानतळाला अगदी खेटून. का, तर भारतातून पाहुणे आले की आणायला सोपं! तो विमानतळ छोट्या खासगी विमानांचा आहे आणि तिथे मुंबईचं सोडाच, शिकागोचंसुद्धा विमान उतरत नाही, हे त्यांना घरात सामान लावून झाल्यावर कळलं. पुढे आयुष्यभर ते पाहुण्यांना आणायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या विमानतळावर जात राहिले. पण आपलं चुकलं असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. "मोठा होईल गं तोही," असं शेजारच्या मुलाबद्दल सांगावं तसं सांगत.

घर धावपट्टीच्या बरोबर टोकाशी. विमान उतरायला लागलं की ते छपरावरूनच जायचं आणि घरात कुणाचं काही ऐकू यायचं नाही. अशा वेळी मामा ज्या शब्दावर असतील तिथेच थांबत, उजव्या हाताचं एक बोट वर धरत, आणि आवाज ओसरला की नेमक्या पुढच्या शब्दापासून सुरू करत. "कोळंबीच्या बाबतीत लोकांचं चुकतं ते इथे, की–" आणि बोट वर. नवखा पाहुणा घास हातात धरून त्या बोटाकडे बघत बसायचा. कार्ड खरवडून भारतात फोन करायचे ते दिवस होते. मामांचे नातेवाईक 'हॅलो, हॅलो, कट झाला वाटतं' म्हणून रिसीव्हर ठेवून द्यायचे आणि विमान गेल्यावर मामा त्या मुक्या फोनलाच उरलेलं वाक्य ऐकवायचे. अर्धवट सोडलेलं वाक्य अर्धवट सोडलेल्या पुलाइतकंच धोकादायक असतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

या घरात खऱ्या हुशार आमच्या मामी. या माणसाच्या बोलण्यात फट पडते ती फक्त विमानामुळे, हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं असणार. मामांचं बोट वर गेलं की मामी बोलायला सुरुवात करत, तेही विमानावर मात होईल इतक्या मोठ्याने. "मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय!" "तुमच्या बहिणीचा फोन आला होता!" "आमटी खारट झालीय, मुकाट्याने खा!" त्यांच्या संसारातले सगळे महत्त्वाचे निर्णय असे विमानाच्या घरघराटात झाले. मामांना त्यातलं निम्मं ऐकू येत नसे, पण बोट वर धरून ते मान मात्र डोलवत. मी नागपूरची, त्यात शाकाहारी, म्हणजे त्या मासेखाऊ घरात दुहेरी परकी. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा डोक्यावरून विमान गेलं आणि मामी माझ्या कानाशी ओरडल्या, "अगं, काय हवं ते आत्ताच मागून घे, मग तास तास चान्स मिळत नाही!"

मामी गेल्या त्या एका हिवाळ्यात, कुणाला फारसा त्रास न देता. मामा बोलतच राहिले, जरा जास्तच. फक्त विमान आलं की बोट वर जायचं आणि मधली जागा रिकामी राहायची. तेवढा वेळ आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत असू.

देवधर्म मामांना मान्य नव्हता. पण मामी एकदा विमानाच्या आवाजात ओरडून सांगून गेल्या होत्या, "माझं पान वाढाल तेव्हा ते भात-वडे नकोत हं, तळलेला बांगडा ठेवा!" आणि नेमकं हे वाक्य मामांना पूर्ण ऐकू आलं होतं. दोन हजार सहा सालच्या पितृपक्षात, अविधवा नवमीला, त्यांनी स्वतः बांगडा तळला. "मामा, श्राद्धाला मासे चालत नाहीत," माझा नवरा भीत भीत म्हणाला. "श्राद्ध कुणाचं? तुझ्या मामीचं. मग जा, तिलाच विचार," मामा म्हणाले आणि पान मागच्या डेकच्या कठड्यावर ठेवून आले.

कावळे होते. चांगले धष्टपुष्ट चार कावळे समोरच्या गॅरेजवर बसले होते, पण कठड्याकडे कुणी बघेना. "इथे जन्मलेले, त्यांना काय कळणार," मामा म्हणाले. अर्धा तास गेला. शेवटी मीच म्हटलं, "मामा, मामींचं काहीतरी मनात राहिलं असेल. कबूल करा म्हणजे शिवेल." मामांनी गॅरेजकडे तोंड करून कबूल करायला सुरुवात केली. हॉलचे पडदे बदलतो. कावळे ढिम्म. बेसमेंटमधली जुनी मासिकं टाकून देतो. एका कावळ्याने पंख साफ केले. तेव्हा माझा नवरा खिडकीबाहेर बघत पुटपुटला, "कमी बोलेन म्हणा." मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला आत गेला. पण बांगडा गार होत होता. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "बरं बाई. कमी बोलेन."

त्याच क्षणी वरून पांढऱ्या डोक्याचं, दाराएवढं रुंद काहीतरी आलं. पंखांचा आवाजसुद्धा नाही. त्याने बांगडा उचलला, भाताला शिवलंही नाही, आणि गेलं. चारही कावळे पसार झाले. मी धावत कठड्यापाशी गेले. अमेरिकेच्या नाण्यांवर असतो तो गरुड मी पहिल्यांदाच पाहत होते. मामा मात्र शांत होते. "बाकीच्यांचं कावळ्यावर भागतं," ते म्हणाले. "हिला डायरेक्ट गरुड. प्रमोशन आहे हे."

पुढच्या रविवारपासून डेकवर मासा ठेवला जाऊ लागला, आणि थंडी पडायला लागली तसा रोज. मामा व्हिएतनामी दुकानात जाऊन माशाचे कल्ले उघडून बघत. दुकानातल्या बाईने विचारलं, "फॉर यू?" तर म्हणत, "नो, नो, फॉर माय वाइफ." मासा ठेवून ते डेकवर उभे राहून गरुडाला दिवसभराच्या बातम्या सांगत, म्हणजे कमी बोलण्याचं कबूल केलेलं होतं ते राहिलंच. अंगणाच्या टोकाला कॉटनवुडचं जुनं उंच झाड होतं. त्याच्या शेंड्यावर काटक्या जमू लागल्या आणि एक दिवस तिथे दोन गरुड दिसले. दुसरा आकाराने लहान, म्हणजे नर होता. यावर मामा आठवडाभर आमच्याशी धड बोलले नाहीत. मग त्यांची त्यांनीच समजूत घातली. "तो फार बोलत नसणार," ते म्हणाले. "म्हणून निवडला असेल."

पहिला बर्फ पडला आणि विमानतळावरून एक माणूस आला. नारिंगी जाकीट, मोठं पोट, हळू आवाज. धावपट्टीवरचे पक्षी हुसकणं हे त्याचं काम. त्याने मामांना नीट समजावून सांगितलं. घरटं विमान उतरण्याच्या बरोबर वाटेवर आहे. एवढा जड पक्षी छोट्या विमानाच्या काचेवर आदळला तर आतली माणसं वाचायची नाहीत. गरुडाला हात लावायला सरकारी परवानगी लागते, ती अंडी घालण्याआधीच मिळते, आणि झाड मामांच्या जागेत असल्यामुळे त्यांची संमतीही हवी. त्याने फटाके वाजवून पाहिले होते, भोंगे लावून पाहिले होते. "आय डोन्ट गेट इट, सर," तो कळवळून म्हणाला. "दे जस्ट लव्ह युअर यार्ड." मामांनी त्याला चहा दिला, लाडू दिला, संमती दिली नाही. आणि माशाबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग घरट्याचं काय करायचं यावर विमानतळाच्या हॉलमध्ये लोकांची सभा झाली. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. मामा कोट-टाय घालून उभे राहिले, "लेडीज अँड जंटलमेन, इन माय कंट्री द ईगल इज–" आणि विमान आलं. मामांचं बोट वर गेलं. अध्यक्षबाई थोडं थांबल्या, "थँक यू, सर" म्हणाल्या, आणि एक आजी आपल्या मांजराची तक्रार घेऊन माइकपाशी आल्या. विमान गेलं. "–अ व्हेइकल ऑफ गॉड," मामा आजींच्या खांद्यावरून म्हणाले. विमानाचा वेळ तीन मिनिटांत धरायचा की नाही यावर मग इतका वाद झाला की सभा पुढे ढकलावी लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा घरी आले ते किल्ला जिंकून आल्यासारखे. "बघितलंस ना, सूनबाई? विमानतळ माझ्यापुढे काय चीज आहे!"

पुढच्या रविवारी मी तिथेच होते. मामांनी मासा ठेवला आणि मला गरुडाचं वजन समजावून सांगू लागले. शिकाऊ वैमानिकांचं एक पिटुकलं विमान खाली येत होतं, म्हणून बोट वर गेलं. त्याच वेळी झाडावरून गरुड निघाला, सरळ डेककडे, त्या विमानाच्या आडवा. विमान दचकल्यासारखं एका अंगावर कललं, छपराला घासतंय की काय असं वाटून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते वर चढून वळसा घेत होतं. मासा गेलेला होता. मामांचं बोट अजून वरच होतं.

विमान दुसऱ्या फेरीत नीट उतरलं. मामा टोपीसुद्धा न घालता बर्फातून कुंपणापर्यंत चालत गेले, मी मागोमाग. विमानाच्या पायरीवर सतरा-अठराची एक मुलगी बसली होती, शिकाऊ वैमानिक तीच. तिला न्यायला आलेली आई तिला घट्ट धरून उभी होती. मामा कुंपणाची जाळी धरून ते बघत राहिले. त्यानंतर झोपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. विमानं येत-जात होती, पण बोट वर करायलाही बोलणं सुरू असावं लागतं. मामा बोलत नाहीत याची मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन त्या नारिंगी जाकीटवाल्याकडे गेले. "इट वॉज मी," म्हणाले. "आय वॉज फीडिंग देम. एव्हरी डे. विथ सॉल्ट अँड हळद." मग त्यांनी मामींपासून सगळं सांगितलं, आणि अर्थातच त्याला वेळ लागला. तो माणूस डोक्याला हात लावून ऐकत होता. त्याला चिडायचा पूर्ण अधिकार होता. पण त्याने विचारलं एवढंच, "व्हॉट काइंड ऑफ फिश?"

मासा बंद झाला. परवानगी आली आणि कडाक्याच्या थंडीत घरटं उतरवलं, झाड तोडलं. मामा दिवसभर घरात पडदे बदलत बसले. पण एक अट त्यांनी घातली होती. धावपट्टीपासून लांब, नदीकाठी, गरुडांसाठी उंच खांबावर एक मचाण उभारायचं आणि त्याचं डिझाइन मामा करणार. बर्फाचा भार, वाऱ्याचा जोर, पिल्लांचा दंगा, सगळं धरून त्यांनी ते असं मजबूत केलं की वर ट्रक उभा राहिला असता. वसंतात गरुड आले, मचाणाकडे पाहिलं आणि शेजारच्या एका वाकड्या, अर्ध्या वाळलेल्या झाडावर घरटं बांधलं. मामा दुर्बिणीतून बघत होते. "फाउंडेशन नाही, बॅलन्स नाही," ते म्हणाले. आणि मग कितीतरी महिन्यांनी मोकळेपणी हसले. "चाळीस वर्षांत एकदा तरी ऐकलंय का तिनं माझं?"

पुढच्या नवमीला मामा आणि मी नदीकाठी गेलो. मामांनी घडीच्या खुर्च्या तीन आणल्या होत्या. तिसरी कुणासाठी हे मी विचारलं नाही. डब्यात तळलेला बांगडा होता, पण तो गरुडाला नाही, "यंदा तिच्या वाटचा मीच खाणार." मी दशम्या काढल्या. मामांची टकळी सुरू होती. "तुझ्या मामीला बांगडा आवडायचा, पण तो तळताना ती आधी काय करायची, तर–" आणि बोट वर गेलं.

मी आकाशाकडे पाहिलं. विमानतळ इथून कोसभर लांब, कुठेच विमान नव्हतं. फक्त ती गरुडीण आमच्या डोक्यावरून नदीकडे चालली होती, काहीही आवाज न करता.

"मामा, विमान नाहीये," मी म्हटलं.

"माहितेय गं. आता बोलायची पाळी तिची."

मामा रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, पूर्वी निम्मं ऐकू न येताही डोलवत तशीच मान डोलवत होते. गरुडीण पलीकडच्या झाडांमागे दिसेनाशी झाली. मी वाट पाहिली, पण ते वाक्य मामांनी त्या दिवशी पुरं केलं नाही.