पाणंदीतले काटे

ट्रॉली जोडायचा कंटाळा केला आणि बाभळीच्या फांद्या ट्रॅक्टरमागं दोरानं बांधून मी शेताकडं जायच्या पाणंदीनं फरफटत नेल्या. बांधाला कुंपण झालं, मीही स्वतःवर खूश झालो. त्याच पाणंदीत रोज पहाटे अंकिताआक्का अनवाणी पळते, हे मला चांगलं माहीत होतं. आठवलं मात्र दुसऱ्या दिवशी, ती लंगडत आमच्या दारात आली तेव्हा.

"पाणंदीत काटं कुणी ओढलं रं?"

"काय की."

आक्का पोलीस भरतीची तयारी करत होती. फरफटल्याच्या खुणा धरून ती आमच्या बांधापर्यंत आधीच जाऊन आली होती.

"आरोपी निवांत चहा पितोय व्हय," म्हणाली, आणि सुई मागितली.

आक्का माझी चुलत बहीण. तिचे वडील, आमचे हंबीरनाना, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी तिला कॅन्टीनमधून भारी बूट आणून दिले होते. ते खुंटीवरच. "बुटात पाय मुका व्हतो. खाली काय हाय ते कळतच न्हाई," असं तिचं म्हणणं. अंधारात कुणाचा पाट फुटलाय, कुणाची पाण्याची मोटार रात्रभर चालू राहिलीय, हे तिच्या तळव्यांना कळायचं. काच, खडी, उसाचे बुडखे, सगळ्यांनी तिचा पाय एकेकदा फाडला होता. तरी हट्ट तोच. मी एकदा चेष्टेनं तिच्या मागं अनवाणी पळालो. गार, ओल्या मातीत पाय पडला तेव्हा वाटलं, इतकी वर्षं आपल्याला कुणीतरी फसवलंय. पुढं मुरूम लागला, आणि दोन दिवस घरात टाचांवर चाललो.

तिच्या पायातला काटा सुईनं निम्माच निघाला. बिब्ब्याचा चटका दिला, तरी उरलेला हलेना. शेवटी कोरेगावच्या डॉक्टरांनी चिरा देऊन काढला आणि आठवडाभर पळायचं नाही म्हणून सांगितलं. सांगलीची मैदानी चाचणी दोन दिवसांवर होती. गोळाफेकीत आक्का बेताची, तिची सगळी भिस्त आठशे मीटरवर.

पट्टी बांधलेला पाय तिच्या बुटात जाईना, म्हणून मी माझे दिले. सांगलीत मी मैदानाबाहेर कुंपणाला धरून उभा होतो. एरवी तिच्या धुळीत पळाल्या असत्या, अशा पोरी तिला मागं टाकून गेल्या. बाहेर आली तेव्हा मोजा लाल झाला होता.

"तुझं बूट भिजलं रं," एवढंच म्हणाली.

यादीत तिचं नाव आलं नाही. नानांचा निकाल ठरलेला होता. "बुटानं घात केला पोरीचा. सवय नव्हती. पण या पोरानं सोताचं बूट काढून दिलं. आजकाल कोण देतंय?" काकूनं माझ्या कपात आणखी चहा ओतला. आक्का माझ्याकडं बघत राहिली.

अंगणात गाठून म्हणाली, "मी न्हाई सांगायची नानांना. तूच सांग. फुडच्या भरतीच्या आत."

पुढची जाहिरात आलीय. आक्का पुन्हा पाणंदीत पळतेय. काल नानांनी मला हाक मारून शेजारी बसवलं.

"तुज्यासारखंच बूट घ्यावं म्हणतो तिला, आतापास्नं सवय व्हईल. कुठनं घेतलं व्हतंस?"

मी दुकानाचं नाव सांगितलं.