चाचणीचं इंजेक्शन

२००७ च्या मे महिन्यात नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात माझ्या मामांची इंजेक्शनं बंद झाली. तिथे नोंदी ठेवणाऱ्या बाईने फॉर्मवर ‘ताप’ असं लिहिलं होतं.

मामांचा फुप्फुसाचा कर्करोग यकृतात पसरला होता. कर्करोगाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी एक नवी अँटिबॉडी तिथे माणसांवर प्रथमच तपासली जात होती. दर तीन आठवड्यांनी मी मामांना सटाण्याहून घेऊन यायचो.

“औषध कधी देता, ताई?” मामा त्या नोंदी ठेवणाऱ्या बाईला विचारायचे.

“औषध नाही, काका. चाचणीचं इंजेक्शन.” ती दर वेळी त्याच आवाजात दुरुस्त करायची. संमतीपत्र वाचताना ओळीखाली पेन्सिल फिरवायची आणि वाचलेलं रुग्णाकडून वदवून घ्यायची.

“मास्तरीण हाय ही,” मामा म्हणायचे.

जास्त ताप आला की इंजेक्शनं बंद, असा नियम होता. म्हणून मामा निघताना तापाची गोळी घ्यायचे. मला ते माहीत होतं. चौथ्या खेपेला त्यांच्या खिशातून गोळ्यांची पट्टी पडली. तिने ती उचलून त्यांच्या हातात दिली.

“काल किती होता, काका?”

“एकशे तीन. लिहू नको, पोरी. हे बंद पडलं तर मला दुसरं काय हाय?”

तिने लिहिलं.

मामा ऑगस्टमध्ये गेले. इंजेक्शन माणसाला सोसतं का, एवढंच पाहण्यासाठीच्या सर्वांत कमी डोसच्या पहिल्या गटात ते होते. एवढ्या डोसने गाठ कमी होण्याची अपेक्षा नाही, असं संमतीपत्राच्या चौथ्या पानावर छापलं होतं. ते पान तिने मामांना दोनदा वाचून दाखवलं होतं.