ताईच्या फोनवरची पिवळी पट्टी

ताईचा फोन उघडायला मला एक वर्ष लागलं.

वर्षभर तो देवघराखालच्या कप्प्यात होता. दिवा लावताना रोज दिसायचा. मी नजर वळवायचो.

आज तिचं वर्षश्राद्ध. पानं वाढून झाली आणि मी फोन चार्जिंगला लावला.

माझं काम वेबसाइट बनवायचं. वाशीमला छोटं ऑफिस आहे. पेज तयार झालं की मी ब्राउझरची विंडो माऊसने ओढून लहान करतो. मोबाइलवर कसं दिसेल ते कळतं, असं मला वाटायचं.

खरी तपासणी केनवडला व्हायची. ताईकडे. चौथी शिकलेली, एकटी राहायची. फोन जुना, लहान. डोळ्यांमुळे अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली.

"गजू, हे बटन अर्धं कोनं खाल्लं?"

"ताई, तुह्या फोनची काच फुटली हाये."

"काच कोपऱ्यात फुटली. बटन मधात हाये. मले नको शिकवू."

नेहमी तिचंच बरोबर निघायचं.

"तुही वेबसाइट तुह्या टेबलावर लय सुंदर दिसते बाप्पा. मी काय तुह्या टेबलावर राह्यते का?"

गावाकडच्या ॲम्ब्युलन्सचं पेज मी केलं, तेव्हा तिच्या फोनवर पहिल्याच स्क्रीनवर ठेवून दिलं. म्हटलं, "काही झालं तं आधी हे उघड अन् लाल बटन दाब. मले नंतर फोन कर."

पुढे त्या पेजवर मी खाली एक पिवळी पट्टी टाकली. गाडी यायला वेळ लागू शकतो, धीर धरा, अशी सूचना. ऑफिसात विंडो लहान करून पाहिली. छान दिसली.

ताईला तेव्हा ताप होता. कशाला त्रास द्यायचा, म्हणून तिला दाखवली नाही.

पुढच्याच आठवड्यात ती गेली. शेजारच्या मंदाने तिला जीपमध्ये घालून आणलं, पण वाटेतच संपलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी वाचली असती का, सांगता येत नाही.

मंदा मला म्हणाली होती, "भाऊ, मी गेली तवा ताई फोन हातात घेऊन बसल्या होत्या. काहीतरी पाहून राह्यल्या होत्या. मले वाटलं तुमच्याशीच बोलून राह्यल्या."

मला तिचा कॉल आलेला नव्हता.

तेव्हापासून मला माहीत होतं, तिच्या फोनवर काय उघडं असेल.

आज पाहिलं. तेच पेज होतं.

मोठ्या अक्षरांमुळे पिवळी पट्टी वाढून अर्धा स्क्रीन व्यापून बसली होती. ती बंद करायची फुली स्क्रीनच्या बाहेर. लाल बटण पट्टीखाली झाकलेलं. बोटाने कितीही सरकवलं तरी वर येत नव्हतं.

धीर धरा. एवढंच वाचता येत होतं.

देवापुढे हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही.

ती पट्टी वर्षभर तशीच होती. कोणाची तक्रार आली नाही. ज्यांना बटण दिसलं नाही, ते मला कसे सांगतील?

पट्टी काढली. मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर, त्यांच्याच अक्षरांत, ते ॲम्ब्युलन्सचं पेज एकदा उघडून बघा. लाल बटण दिसलं नाही तर मला फोटो पाठवा. आजच.

मग घरच्या वायफायवर तिच्या फोनवर पुन्हा उघडलं.

बटण पूर्ण दिसलं. सिम केव्हाच बंद झालंय, तरी दाबायला अंगठा धजावला नाही.

ताई, आता दिसतंय.

तुला नमस्कार.