गारी आणि गाडी

शाळेत मी गाडीला गारी म्हटलं आणि बाईंनी पट्टी काढलेली. "ड म्हण, ड." आता शीळफाट्याजवळचं आमचं गाव अख्खं आगरी. तिथे गाडी कोणाकडे नव्हतीच, असली तर गारीच. मग मी काय केलं, बाईंचीच नक्कल उचलली. चष्म्यावरून बघत, नाकातून, "मुलांनो, वह्या काढा." शुद्ध मराठी मी अशी शिकलो, टिंगल करता करता. पुढे डोंबिवलीत गॅदरिंगं, एकांकिका, आणि एकदाची टीव्हीवरची मालिका मिळाली.

रोल बंगल्यातल्या गड्याचा. आगरी गडी. पाच भाग, आवडला तर वाढवू म्हणाले. मी हवेत. घरी आयेला सांगितलं, "आये, टीव्हीवर तुज्यासारका बोलनार मी."

ती टीव्हीसमोर कधी बसायचीच नाही. म्हणाली, "त्या डब्यान आपला मानूस कवा दिसला? तू बोल, मंग बसन मी."

शूटिंग ठाण्याला. दात काळे करायला काजळासारखं काहीतरी फासलं, त्याची चव रॉकेलची. पहिलंच वाक्य मी आयेच्या सुरात टाकलं, "मालक, गारी आली. इकरं लावू कं तिकरं?"

डायरेक्टर म्हणाला, "कट. तोतरा आहेस का रे?"

"नाही सर, आमच्यात असंच बोलतात."

"असं कोण बोलतं? गावठी बोल. व्हय जी, म्या आलू जी, असं."

"सर, ते घाटावरचं झालं."

"गाव म्हणजे गाव. तू ठाण्याकडचा पोरगा, तुला काय माहीत गाव?"

मग त्याच्या असिस्टंटने, जो गावाला फक्त हुरडा खायला गेलेला, मला आगरी माणूस शिकवला. जबडा सोड. डोळे फिरव. लाळ गळतेय असं वाटू दे.

मी केलं. नक्कल करणाऱ्याला काय, ऐकलं की आलं. लाइटवाल्यांपासून सगळे हसले. डायरेक्टरने पाठीवर थाप मारली, "आता कसा खरा वाटतोस." ती थाप आठवली की अजून शिसारी येते. त्याची येते, पण जास्त माझी. कारण तेव्हा मला ती आवडलेली.

पहिला भाग लागला तेव्हा आमच्या घरात आळी जमलेली. आये सगळ्यात पुढे, ठेवणीतलं लुगडं नेसून. गडी आला, जबडा लोंबवून "व्हय जी" म्हणाला, लाथ खाऊन पडला. पोरं लोळून हसली. आये एकदाही हसली नाही. भाग संपला, नावांच्या पाट्या वर सरकायला लागल्या, तशी ती माझ्याकडे वळली.

"तू कवा येशील?"

"आये, झाला ना माझा."

"तो येरा? तो तू व्हतास?" वेड्याला आमच्यात येरा म्हणतात.

मला हां म्हणायचं होतं. पण तीन आठवड्यांची सवय लागलेली जिभेला. तोंडातून आलं, "व्हय."

ती उठली, आत जाऊन लुगडं बदललं आणि सुका जवला निवडायला बसली.

दोन दिवसांनी निरोप आला, गडी आवडलाय, वाढवतोय. मी गेलेलो. मेकअपच्या खुर्चीत बसलो, दात पुढे केले, आणि कोणी सांगायच्या आत जबडा सोडला.