हात कोणी करायचा

पुण्यात रस्ता ओलांडायला सिग्नल लागत नाही, हात लागतो. हात ताठ पुढे धरायचा, पंजा वाहनांकडे, आणि चेहऱ्यावर असा भाव ठेवायचा की रस्ता आपला आहे आणि ही सगळी मंडळी पोटभाडेकरू. या विद्येवर माझी आधीपासूनच श्रद्धा होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती वाढली, कारण पळण्याचा पर्यायच उरला नाही.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीसमोर फुटपाथ आहे. नाही असं नाही. त्यावर विजेचा डबा आहे, भाजीच्या पाट्या आहेत, लावून ठेवलेल्या दुचाक्या आहेत आणि सकाळी वारज्याकडे जाणाऱ्यांची गर्दी झाली की चालत्या दुचाक्याही असतात. चालायचं असेल तर माणसाने पलीकडे जावं. पलीकडे सावली आहे, सरळ फुटपाथ आहे आणि चांगला चहा आहे.

मी आणि माझा मित्र रोज पलीकडे जायचो. मित्र शेजारच्या इमारतीतला. एकाच कचेरीत, समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही नोकरी संपवलेली. ओलांडण्याचे नियम अर्थातच मी केले होते. एकदा पाऊल टाकलं की थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. आपण एका चालीने चाललो तर गाडीवाल्याला आपला अंदाज येतो. आपण बिचकलो की तोही बिचकतो. आणि ज्याच्या बाजूने वाहनं येतील, त्याने हात करायचा. दुभाजकापर्यंत वाहनं उजवीकडून येतात, पुढे डावीकडून. म्हणजे अर्धा रस्ता एकाने, अर्धा दुसऱ्याने. इतका न्याय तर आमच्या कचेरीतही नव्हता.

पण दुभाजकावर पोचलं की मित्र हळूच माझ्या मागून उजवीकडे सरकायचा. म्हणजे पुन्हा वाहनांच्या बाजूला मीच.

"अरे, आता तुझी पाळी," मी एकदा म्हटलं.

"माझ्या हाताला कोण विचारतंय? तू हात केलास की बस थांबते बस! हाताला वजन असावं लागतं."

मी ते खरं मानलं. इतकं की घरी जाऊन सांगितलं. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तिथे बसस्टॉप आहे ना?"

तरी मी पुढेही हात करतच राहिलो.

मग ती सकाळ. मित्राच्या पायांत मुलीने पाठवलेले पळण्याचे बूट होते, हिरव्या नाड्यांचे. नेहमीप्रमाणे आम्ही दुभाजक सोडला. माझा डावा हात वाहनांपुढे, उजव्या मुठीत मित्राचं कोपर. डावीकडून पाण्याचा टँकर येत होता. मी त्याच्याकडे वजनदारपणे बघत होतो, तेवढ्यात उजवीकडून, म्हणजे उलट्या दिशेने, एक मोटारसायकल आली. संकट प्रथमच मित्राच्या बाजूला होतं.

"अरे, हात कर!" मी ओरडलो.

कोपर मुठीतून निसटलं. हिरव्या नाड्या पलीकडच्या फुटपाथवर चढताना दिसल्या. बूट चांगले होते, यात वाद नाही.

मी रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंना हात पसरून, शेतातल्या बुजगावण्यासारखा. गुडघा पुढे जाईना. टँकर कर्र करून थांबला. मोटारसायकलवाला हेल्मेट आरशाला अडकवून चालला होता. तो मला वळसा घालून जाताना म्हणाला, "आजोबा, बघून चालत जा ना!" टँकरवाल्याने डोकं बाहेर काढलं. "काका, तुमचे जोडीदार पोचले. तुम्ही पण जाताय का?"

मी गेलो. मित्र फुटपाथवर वाकून बूट पुसत होता.

"मला वाटलं, तू मागेच आहेस."

इथवर मी विसरलो असतो. पाय पळतात, त्याला माणूस तरी काय करणार? पण चहाच्या टपरीवर आमची रोजची मंडळी जमली होती, आणि मी बशीत चहा ओतेपर्यंत मित्राने सुरुवात केली. "आज काय झालं माहितीये? हा रस्त्यात मध्येच थिजला! दोन्ही हात वर! शेवटी मी मागे फिरलो, टँकर थांबवला आणि याला ओढून आणला."

मंडळी हसली. सांगितलंही छान होतं, माझ्यासारखंच, नेमक्या जागी थांबत थांबत. भलत्याच लग्नात आहेर देऊन जेवून आलो होतो, ती हकिकत याच टपरीवर मीच सांगितली होती. माझ्या फजित्यांवर ही टपरी चालते असं म्हटलं तरी चालेल. आता त्यातली एक त्याने नेली होती, आणि नेताना स्वतःला आत बसवलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बशीत बघत होता.

"असं झालं नाही," हे हशा ओसरल्यावर सांगणारा माणूस फार लहान दिसतो. मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्याच्या कडेला उभा होता, माझ्या डावीकडची जागा धरून. "चल, कर हात."

"तू हो पुढे," मी म्हटलं.

त्याने फुटपाथवरूनच हात पुढे केला. फुटपाथवरच्या हाताला कोण थांबतं? तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई आल्या आणि बेधडक रस्त्यात उतरल्या. मित्र चटकन त्यांच्या डावीकडे झाला. हॉर्नच्या गोंगाटातही मला स्पष्ट ऐकू आलं.

"ताई, तुम्हीच हात करा हो. तुमच्या हाताला वजन आहे."

दुभाजकावर तो त्यांच्या मागून उजवीकडे सरकला. पलीकडे पोचल्यावर त्याने वळून मला हात केला. मी केला नाही.

आमच्या बाजूलाही एक चहावाला आहे. साखर फार घालतो. तिकडे जाताना एक स्कूटर फुटपाथवर चढली आणि समोरून आली. सवयीने मी हात केला. ती थांबली नाही.