कृपादानांची बाग

दौलत उजागरे यांच्याबद्दल आदराने बोलणारी माणसं आंबिवलीत अजून भेटतात. ती त्यांना फक्त रविवारी भेटलेली असतात. आम्हाला ते आठवडाभर पुरले.

कोलशेतच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून दौलतराव रिटायर झाले आणि मग आमच्या चर्चला लागले. चर्च म्हणजे स्टेशनच्या पूर्वेला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल आणि वरची गच्ची. मंडळीत साठ-सत्तर माणसं, बहुतेकांची मुळं नगर-जालन्याकडची. मीटिंगांना बसायचा कंटाळा सगळ्यांनाच, त्यामुळे मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे, म्हणून दौलतराव दर वेळी बिनविरोध निवडून यायचे. याला ते देवाची इच्छा म्हणत.

बोलायला उभे राहिले की त्यांचा विषय एकच, बाग. देवाने प्रत्येकाच्या हाती एक बी दिलंय, ते बी म्हणजे तुमचं कृपादान. कुणाला गाण्याचं, कुणाला शिकवण्याचं, कुणाला सेवेचं. ते पेरा, पाणी घाला, तण काढा. खताचं नाव घेताना तर ते डोळे मिटून घ्यायचे, जणू अत्तराचं नाव घेतायत. आणि या माणसाच्या घरात एक कुंडी नव्हती. त्यांच्या बायकोने, आसावरीबाईंनी, एकदा बाल्कनीत कढीपत्ता लावला, तर मातीने फरशी खराब होते म्हणून यांनी तो उचलून वॉचमनला देऊन टाकला.

दोन वर्षांपूर्वी त्यांना कल्पना सुचली की गच्चीवर कृपादानांची बाग करायची. प्रत्येक घराने एक कुंडी आणायची, त्यात काहीतरी लावायचं, आणि दौलतराव त्या घराचं कृपादान जाहीर करून तशी पाटी कुंडीत खोचणार. कुणाचं दान कोणतं, हे त्यांनी कुणालाही न विचारता ठरवलं.

“हौसाबाई, तुमचं दान सहनशीलतेचं,” ते म्हणाले.

हौसाबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. “हे कुणी ठरवलं?”

“मला प्रार्थनेत मिळालं.”

“मग मला का नाही मिळालं? मी पण रोज करते की प्रार्थना.”

लोक हसले. दौलतरावांनी पाटी खोचली आणि पुढच्या कुंडीकडे वळले. हौसाबाई दर बुधवारी कल्याणच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ज्यांचं कुणी नाही अशा पेशंटपाशी बसत, त्यांना पेज भरवत, केस विंचरून देत. हे मंडळीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दौलतरावांना नव्हतं. माहीत करून घ्यायला तोंड बंद ठेवावं लागतं.

गच्चीवर नळ नव्हता. बाया खालून बादल्या भरून आणायच्या. दौलतराव टाकीच्या सावलीत उभं राहून बोटाने दाखवायचे, इथे घाला, तिथे कमी. मातीला त्यांचा हात लागलेला कुणी पाहिला नाही. तरीही हळूहळू झाडं धरली. कुणाची मिरची, कुणाचा मोगरा. हौसाबाईंच्या कुंडीत रानगुलाबाचा खुंट होता. नुसते काटे आणि चार पानं, पण बुंधा चांगला पेन्सिलएवढा जाड झाला होता. त्या त्याला कुणाकडून तरी कलम करून घेणार होत्या. “कलम येतं का कुणाला?” असं त्यांनी दौलतरावांनाही विचारलं होतं. ते म्हणाले होते, “अशा कामांना माळी असतात.”

जानेवारीत कापणीचा सण होता. त्या वेळी पाहुणे म्हणून ठाण्याहून रेव्हरंड संदेश भांबळ येणार आणि बागही पाहणार, असं ठरलं. आदल्या दिवशी दौलतरावांनी गच्चीवर चक्कर मारली. अर्धवट वाढलेली रोपं, पिवळी पडलेली दोन-चार पानं, हौसाबाईंचे काटे. त्यांना ते चाललं नाही. संध्याकाळी एका नर्सरीचा टेम्पो आला. शेवंती, डेलिया, झेंडू, सगळं फुललेलं. हमालांनी लोकांची झाडं मुळासकट उपटून टाकीमागे ढीग केला आणि नवी फुलझाडं त्याच कुंड्यांत बसवली. पाट्या मात्र जुन्याच. सहनशीलतेच्या पाटीमागे आता पिवळीधमक शेवंती डोलत होती.

सकाळी हौसाबाई वर आल्या आणि थबकल्या. “माझा गुलाब कुठाय?”

“तो गुलाब नव्हता, काटेरी झुडूप होतं. त्याला काही आलंच नव्हतं.”

“येणार होतं ना!”

“हौसाबाई, आज पाहुणे आहेत. नंतर बोलू.”

उपासना झाली, लोकांनी अर्पण आणलेल्या भाज्यांचा आणि अंड्यांचा लिलाव झाला, आणि सगळे गच्चीवर आले. पाहुण्यांनी बागेचं तोंड भरून कौतुक केलं. ही निगा कुणाची, असं विचारलं. दौलतरावांनी मान खाली घातली, जशी उत्तर माहीत असलेली माणसं नम्रपणे घालतात, आणि म्हणाले, “देव वाढवतो. मी निमित्तमात्र.”

इतक्यात पाहुण्यांचा फोन वाजला. बोलत बोलत ते टाकीमागे गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात हौसाबाईंचा खुंट होता.

“हा कुणी टाकला? अहो, डोळा भरून कलम करायला एवढा छान खुंट शोधून मिळत नाही. दौलतराव, तुम्ही बागेतले जाणकार. माझ्याकडे चाकू आहे आणि स्टेजवरच्या गुच्छात गुलाबाची ताजी काडी आहे. भरा ना इथेच. मुलांना दाखवू, दान वापरायचं म्हणजे काय.”

त्यांनी खुंट दौलतरावांच्या हातात दिला. आम्ही जवळच उभे होतो, म्हणून दिसलं. दौलतरावांचा अंगठा आपोआप बुंध्यावरून फिरला आणि मुळापासून वीतभर वर, नेमका जिथे साल गुळगुळीत होती तिथे थांबला. मग चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

“मला नाही येत,” ते म्हणाले.

“येतं त्यांना,” मागून आसावरीबाई म्हणाल्या.

दौलतरावांनी वळून पाहिलं. “आसावरी, तू खाली जा. जेवणाचं बघ.”

त्या गेल्या नाहीत. मंडळीत मोठ्याने बोलताना त्यांना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. “यांचे वडील मिशनच्या बंगल्यावर माळी होते. तुम्हाला हे सांगतात, मिशनच्या नोकरीत होते. मी लग्न होऊन गेले तेव्हा कुंपणाला एकाच झाडावर तीन रंगांचे गुलाब होते. मी विचारलं कुणी भरले, तर हे म्हणाले, तिथल्या माळ्याने. सासऱ्यांनी मला नंतर सांगितलं, ते दौलतने भरलेत, माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला आहे. आणि लग्नात त्या माणसाला यांनी शेवटच्या रांगेत बसवलं होतं.”

पाहुण्यांनी चाकू अजून पुढे धरलेला होता. दौलतरावांनी तो घ्यायचा, उकिडवं बसायचं, दोन मिनिटांचं काम करायचं, एवढंच होतं. सगळं माफ झालं असतं. हौसाबाईंनी तर टाळ्यासुद्धा वाजवल्या असत्या. दौलतरावांचे कान लाल झाले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि आपल्या पांढऱ्या पँटकडे पाहिलं.

“माझी पाठ दुखते,” ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

खोटारडा ठरलेलं चालेल, पण माळ्याचा मुलगा दिसायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता. माणूस लाजेने किती लहान होऊ शकतो ते त्या गच्चीवर आम्हाला समजलं. आम्हाला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

शेवटी पाहुण्यांनीच जमेल तसा डोळा भरला. हौसाबाईंनी खुंट ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेला. रात्रभर मुळं उघडी पडलेली, तो जगला नाही. नर्सरीची फुलंही महिनाभरात गेली, कारण त्यांच्यासाठी बादल्या उचलायला कुणी तयार होईना. पुढच्या सभेत दौलतराव म्हणाले की मंडळीत निष्ठा उरलेली नाही. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्याविरुद्ध कुणीतरी उभं राहिलं. चर्चचे पंखे दुरुस्त करणारा विनीत, ज्याला धड चार वाक्यं बोलता येत नाहीत. तो सहज निवडून आला. दौलतराव त्यानंतर ठाण्यातल्या एका मोठ्या चर्चला जायला लागले. तिथे ते कृपादानांवर शिबिरं घेतात, असं ऐकतो.

आसावरीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्या इथेच येतात, आणि बुधवारी हौसाबाईंबरोबर कल्याणला जातात. मागच्या बुधवारी आसावरीबाई स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेटल्या. दौलतरावांच्या शिबिराचा फोटो कुणीतरी मंडळीच्या ग्रुपवर टाकला होता, स्टेजवर माईक आणि हातात नवंकोरं खुरपं. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

“चष्मा घरी राहिला माझा,” त्या म्हणाल्या आणि पेजेचा डबा दुसऱ्या हातात घेऊन पुलाचा जिना चढायला लागल्या.