आवाजाच्या पुढे बघणाऱ्या बाई

सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून विमान गेलं, की कपडे वाळत घालणाऱ्या आम्ही सगळ्या जणी आवाज येतो तिकडे मान वळवायचो आणि रिकामं आभाळ बघून पुन्हा बादलीत हात घालायचो. सबनीस बाई मात्र आवाजाच्या बऱ्याच पुढे बोट दाखवत आणि विमान नेमकं तिथे असे. "कान उशिरा पोचतात गं," त्या म्हणत. "तू ऐकतेस ते मघाचं विमान. आत्ताचं हवं असेल तर पुढे बघ." मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आले होते. ना ओळख, ना पाळख, आणि ही बाई मला विमान कसं बघायचं ते शिकवत होती. मनात म्हटलं, शेजार तर चांगलाच मिळालाय.

बाई उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की म्हणत, "माझं मजेत चाललंय, तुझं सांग." वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. लहानपणी त्यांनी वडिलांना विचारलं होतं, की इंजिनाची शिट्टी येताना चढी असते आणि पुढे निघून गेलं की रडवेली का होते? वडील म्हणाले, "इंजिनालाही जाणं जिवावर येतं, बेटा." ही गोष्ट सांगून बाई हसत. "उत्तर फार गोड होतं. पण चुकीचं होतं. म्हणून मी फिजिक्स घेतलं."

मग मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर तेच फिजिक्स शिकवलं. त्यांच्या एका विद्यार्थिनीने मला सांगितलेला किस्सा असा. फळ्यावर लाटा काढून मुलींना काही कळेना, तेव्हा बाईंनी गाण्याच्या सरांना पेटीसकट फुटपाथवर बसवलं, मुलींना त्यांच्याभोवती उभं केलं आणि स्वतः मोपेडवर बसून, हॉर्न दाबून धरून, रस्त्यावरून भरधाव गेल्या. सर पेटीवर सूर शोधत होते. मोपेड येताना सापडलेला सूर ती पुढे जाताच जवळजवळ एका पट्टीने उतरला, आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. खात्री करायला बाई पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. शेवटी हॉर्न अडकून बसलाय असं वाटून समोरचा गॅरेजवाला पान्हा घेऊन धावत आला, "बेन, हॉर्न चोंटी गयुं छे?" बाईंनी त्यालाही मुलींच्या रांगेत उभं केलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं, ते मात्र बाई स्वतःहून कधी सांगत नसत.

पुढे त्यांना ऐकू येणं कमी झालं. दोन्ही कानांत मशीनं आली. आवाजावर इतकं प्रेम करणाऱ्या बाईच्या वाट्याला हे यावं, याचं मला वाईट वाटायचं. त्यांना वाटत असेलही, पण त्या म्हणत, "आवाज म्हणजे हवेचा धक्का. कानाने घेतला काय, हाताने घेतला काय." गच्चीवर भेटल्या की आवाजाच्याही पुढे पळणाऱ्या लढाऊ विमानांवर बोलत. "वरातीत वाजंत्री आधी ऐकू येते, मग नवरदेव दिसतो. पण घोडा आवाजापेक्षा जोरात पळाला तर? नवरदेव दारात उभा आणि तुम्ही अजून चहा पिताय. मग सगळी वाजंत्री एकदम अंगावर." शिवाय हेही, की लोकांना वाटतं धडाका एकदाच होतो, पण तसं नसतं. विमान तो आपल्या सगळ्या वाटेवरून ओढत नेतं, आणि ज्याच्या डोक्यावरून जातं त्याला वाटतं, आपल्याच मागच्या गल्लीत काहीतरी फुटलं. मी "हो का?" म्हणायचे आणि डाळीला फोडणी द्यायला पळायचे.

बाईंना जाऊन आता दोन पावसाळे झाले. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. मला त्या आठवतात त्या एका सकाळमुळे.

माझा नवरा गिरीश बाजव्याजवळच्या रिफायनरीत आहे. रिफायनरीतल्या लोकांच्या घरी एक भीती कायमची राहायला असते. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण कुठे फटाका जरा जोरात वाजला तरी बाया आधी वायव्येकडे, रिफायनरीच्या दिशेला बघतात. त्या दिवशी गिरीश सकाळच्या पाळीला होता. मी भाजी चिरत होते आणि असा काही धमाका झाला, की खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मांडणीवरचं पातेलं खाली आलं. जिन्यात दारं उघडली. कुणीतरी ओरडलं, "रिफायनरी!" मग सगळेच तेच म्हणू लागले.

प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, गेटवरच जमा करावा लागतो. ऑफिसचा नंबर सारखा एंगेज. मी स्कूटरची किल्ली घेतली आणि दार उघडं टाकून निघाले, तर जिन्यात सबनीस बाई उभ्या. आमच्या घाईच्या उलट, त्या वॉचमनशी काहीतरी बोलून सावकाश वर चढत होत्या. त्यांनी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली.

"दार तसंच उघडं टाकून निघालीस. अशी स्कूटर चालवणार?"

"बाई, किल्ली द्या. रिफायनरीत स्फोट झालाय."

"मला नाही वाटत. विमान असावं, आवाजाच्या पुढे गेलेलं."

माझा तोल सुटला. "तुम्हाला ऐकू तरी आलं का?"

"नाही आलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा मशीनं काढून ठेवली होती. पण हात खिडकीच्या गजावर होता. दोन धक्के बसले, लागोपाठ. एक विमानाच्या नाकाचा, एक शेपटीचा. तुम्ही सगळे दचकलात, म्हणून तुम्हाला एकच वाटला." मग म्हणाल्या, "स्फोटही दोन होऊ शकतात. तेवढ्यावर जायचं नाही. जिग्नाबेन, तमारी बेनने फोन करो."

तळमजल्यावरच्या जिग्नाबेनची बहीण बाजव्यात राहते. फोन लागला. बहीण घाबऱ्या आवाजात उलट यांनाच विचारत होती, "बाजवामां तो कंई नथी थयुं. तमारी बाजु थयुं लागे छे. बधां सारां छो ने?"

"बघ," बाई म्हणाल्या. "ते म्हणतायत इथे झालं, आपण म्हणतोय तिथे. आग लागली तर ती एका जागी असते. हे सगळ्यांच्या डोक्यावरून गेलंय." आणि माझा हात धरून त्यांनी मला गच्चीवर नेलं. वायव्येला धूर नव्हता. रिफायनरीच्या चिमणीची ज्योत रोजच्यासारखी जळत होती. मला ती दिसत होती, पण डोकं काही मानत नव्हतं. गिरीश त्या ज्योतीखाली आहे, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कंट्रोल रूमच्या लँडलाइनवरून गिरीश बोलत होता, आणि माझ्या आधी तोच ओरडला, "तू बरी आहेस ना? इथे सगळे म्हणतायत शहरात स्फोट झालाय. कधीचा लावतोय, फोन लागतच नव्हता." मी तिथेच, वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये, खाली बसले आणि पोटभर रडले. बाई शेजारी उभ्या होत्या. माझं रडणं थांबल्यावर म्हणाल्या, "चल, खाली रिक्षा उभी आहे."

"कसली रिक्षा?"

"वर येतानाच वॉचमनला आणायला सांगितली होती. बाजव्याला जायला."

"पण तुमची तर खात्री होती."

"होती. पण माझं चुकलं असतं तर? तुला तिथे एकटीला जाऊ देणार होते का मी?"

"आता फोन आलाय ना, बाई."

"गणित बरोबर आलंय," त्या पदर खोचत म्हणाल्या. "ताळा करायचा राहिलाय. चल, बस."

रिफायनरीच्या गेटवर गिरीश हेल्मेट काखेत धरून बाहेर आला. मित्रांसमोर बायको आणि शेजारीण अशा दोघी आलेल्या बघून लाजला होता. मी काही बोलायच्या आत बाई पुढे झाल्या. त्यांनी त्याचा दंड चाचपला, मग खांदा, मग गालावरून हात फिरवला. तो हात थरथरत होता. सकाळपासून मला धीर देणारी ही बाई माझ्याइतकीच घाबरलेली होती, हे मला तिथे, त्या उन्हात कळलं.

"बरोबर," त्या गिरीशला म्हणाल्या. "जा, कामाला लाग."